पाच गुणांचं तळं

बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांनी त्यांचं नाव लवंगी ठेवलं होतं. एकदा कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं, तेव्हा बाईंनी त्यातली चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि धडा सुरू केला. राग यायचा, पण निघायचा तो घरी जाऊन भांड्यांवर. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांपुढे आवाज चढवला नव्हता. तो चढला त्या वर्षी, आणि तोही चार ओळींच्या एका कवितेवरून.

शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायचं केंद्र एका जुन्या तंत्रशाळेच्या हॉलमध्ये होतं. टेबलांवर कानशीचे ओरखडे, डोक्यावर कुरकुरणारे पंखे, आणि चाळीस शिक्षक माना खाली घालून लाल पेनांनी गुण टाकताहेत. हॉलच्या टोकाला उंच खुर्चीवर मुख्य नियामक बसायचे. तपासलेल्या पेपरांतले काही त्यांच्याकडे जायचे आणि ते हिरव्या पेनाने शिक्कामोर्तब करायचे. त्यांच्या तोंडी सदानकदा एकच शब्द असे, 'नमुना उत्तर'. "नमुना उत्तर बघा. नमुना उत्तरात आहे का? नाही ना? मग विषय संपला." त्यामुळे सगळे त्यांना पाठीमागे नमुनेसाहेब म्हणत. शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडत होते.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर, अर्धा हॉल पेंगत असताना, बाईंनी नवा गठ्ठा सोडला. चौथा प्रश्न कवितेवर होता. पाठ्यपुस्तकात तळ्यावरची एक छोटी कविता होती, तिच्यातल्या ओळी देऊन 'प्रतिमा स्पष्ट करा' असं विचारलं होतं. गुण पाच.

तळं निजलंय डोळे उघडे ठेवून,
वाऱ्यानं जोडे काढलेत दाराबाहेर;
झाडं उभी आहेत भोवती,
आधी कुणी बोलावं, या विचारात.

गेल्या दोन दिवसांत बाईंनी या प्रश्नाची दीडशे उत्तरं वाचली होती. खरं सांगायचं तर एकच उत्तर दीडशे वेळा वाचलं होतं. 'कवीने येथे चेतनागुणोक्ती अलंकाराची योजना करून, निसर्गाची नीरव, प्रसन्न व चैतन्यमय शांतता शब्दबद्ध केली आहे.' अक्षर बदलायचं, शाई बदलायची, वाक्य तेच. चैतन्यमय शांतता म्हणजे काय असते, असा प्रश्न दीडशेंतल्या एकालाही पडला नव्हता. बाईंनाही पडला नव्हता. हात पाच टाकायचा आणि पान उलटायचा.

या गठ्ठ्यातल्या पहिल्याच पेपरावर तो हात थांबला.

'तळं झोपलेलं नाही,' असं गिचमिड अक्षरात लिहिलं होतं. 'झोपलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात. हे तळं मेलं आहे. घरात कुणी गेलं की दाराबाहेर जोडे साचतात. आलेली माणसं भिंतीला लागून उभी राहतात आणि आधी कोण बोलणार याची वाट बघतात. इथे झाडं भेटायला आली आहेत. वारासुद्धा आला आहे. कोण गेलं ते कवीने सांगितलं नाही, कारण अशा घरात ते सांगावं लागत नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग कवितेच्या ओळी वाचल्या, मग पुन्हा उत्तर. अकरा वर्षं त्या ही कविता शिकवत होत्या. अकरा वर्षं त्यांनी वर्गाला सांगितलं होतं की वारा देवळात शिरल्यासारखा हळू पावलांनी येतो. उघड्या डोळ्यांचं काय करायचं ते त्यांना कधी कळलं नव्हतं, म्हणून तो शब्द त्या घाईने ओलांडून जात. त्यांनी समासात पाच टाकले आणि पाचाभोवती गोल काढला.

पेपर तपासून वर गेला आणि बाईंनी पुढचा उघडायच्या आतच परत आला. पाचावर हिरवी काट होती आणि शेजारी शून्य.

बाई उठल्या आणि तडक उंच खुर्चीपाशी गेल्या. "साहेब, हे शून्य कशाबद्दल?"

"नमुना उत्तर बघितलंत?" नमुनेसाहेबांनी मान वर केली नाही. "नीरव, प्रसन्न, चैतन्यमय. तीन मुद्दे, तीन गुण. अलंकाराचं नाव एक, लेखनाचा एक. यात एक तरी आहे का?"

"यात कविता आहे."

"बाई, कविता पुस्तकात आहे. पेपरात उत्तर असावं लागतं." ते हसले. "निसर्गाच्या प्रसन्न कवितेत मयताला जाऊन आलाय हा मुलगा. उद्या कुणी म्हणेल, झाडं रांगेत उभी आहेत, रेशनच्या. द्यायचे पाच?"

"पटवून दिलं तर द्यायचे."

"बसा जागेवर," ते म्हणाले. "गठ्ठा संपवा."

बाई बसल्या. कानशिलं तापली होती. शेजारच्या टेबलावरचे सर, ज्यांना सगळे जांभईसर म्हणत, हळूच म्हणाले, "कशाला वाऱ्याशी भांडताय? पाच मार्कांनी कुणाचं भलं झालंय?" बाईंनी पुढचा पेपर उघडला.

त्यातही तळं मेलेलं होतं.

तिसऱ्यातही. चौथ्यातही. ज्या उत्तरासाठी त्या आत्ता भांडून आल्या होत्या, ते अख्ख्या गठ्ठ्यात पसरलं होतं. गठ्ठ्यात सत्तावीस पेपर होते, सगळे एकाच खेड्यातल्या केंद्राचे. सव्वीस पेपरांत तळं मेलेलं. एकात मात्र ते नीरव, प्रसन्न आणि चैतन्यमय होतं.

ही गोष्ट लपून राहण्यातली नव्हती. नमुनेसाहेबांनी गठ्ठा मागवला, दहा मिनिटं चाळला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अभिनंदन, बाई! तुम्ही ज्याला कविता म्हणत होता ती सामूहिक कॉपी निघाली. कुणीतरी फळ्यावर लिहून दिलंय आणि सव्वीस मेंढरांनी उतरवलंय. केंद्रावर चौकशी लावतो. सव्वीसांचा निकाल राखीव."

हॉलमध्ये हशा पिकला. बाईंची मान खाली गेली. आपण फसलो, असंच क्षणभर त्यांनाही वाटलं. त्यांना पहिला राग आला तो त्या मुलांचाच. शोभा करायला त्यांना मीच सापडले होते?

पण त्या मुळात मास्तरीण होत्या. कॉपी म्हटलं की दोन पेपर शेजारी ठेवून बघायची सवय. गठ्ठा सील व्हायच्या आधी त्यांनी तो पुन्हा मागून घेतला आणि चहा सोडून वाचायला बसल्या.

एकाने लिहिलं होतं, 'झाडं पाहुणे नाहीत, शेजारी आहेत. पाहुण्यांना बसायला देतात, शेजारी उभे राहतात.' दुसरीने लिहिलं होतं, 'वारा लांबून आला आहे, त्याला उशीर झाला आहे, म्हणून तो आवाज करत नाही.' एक जण म्हणत होता की तळं म्हातारं होतं, एक म्हणत होती की ते लहान मूल होतं, कारण म्हाताऱ्या माणसाच्या घरी लोक इतके गप्प नसतात. एकाने शुद्धलेखनाच्या अकरा चुका करून लिहिलं होतं, 'आधी बोलनार्‍याला रडू येतं म्हनून कोनी बोलत नाही.'

बाईंनी त्या गठ्ठ्यातले चार पेपर घेतले, आधीच्या दिवसांच्या ढिगातले चार घेतले आणि पुन्हा उंच खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी आवाज सांभाळला नाही.

"हे बघा साहेब. या चौघांनी एकच गोष्ट म्हटलीय, पण एक वाक्य कुणाचं कुणाशी जुळत नाही. आणि हे चार वेगवेगळ्या गावांचे. 'योजना करून', स्वल्पविराम. 'नीरव', स्वल्पविराम. चौघांचा स्वल्पविराम एका जागी! असे दीडशे पेपर मी तपासलेत. दीडशे मुलांनी एकच वाक्य स्वल्पविरामासकट उतरवलं तर ते आदर्श उत्तर, आणि सव्वीस मुलांनी स्वतःच्या शब्दांत स्वतःच्या घरातलं लिहिलं तर ती कॉपी?"

नमुनेसाहेबांनी हिरव्या पेनाला टोपण लावलं.

"ते वाक्य अभ्यासातलं आहे," नमुनेसाहेब म्हणाले.

"ते वाक्य गाईडातलं आहे. आणि गाईड कुणी लिहिलंय ते या हॉलमधल्या चाळीस जणांना माहीत आहे."

झालं. जे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, ते बोललं गेलं. नमुनेसाहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "हे समितीपुढे बोला," ते दातांमधून म्हणाले. "तिथेही इतकीच जीभ चालते का बघू."

घरी त्या संध्याकाळी भांड्यांनी मार खाल्ला. नवरा औषधांच्या दुकानातून आला तेव्हा एका पातेल्याचा कान निघाला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पातेलं उचलून बाजूला ठेवलं. "अगं, तुझी चार वर्षं राहिलीत. पाच मार्कांसाठी डोकं कशाला फोडून घेतेस?"

"पाच मार्कांसाठी नाही."

"मग?"

बाईंनी नळ बंद केला. "अकरा वर्षं मी वर्गात हेच सांगत आले, अहो. नीरव, प्रसन्न. मला ओळी वाचताच आल्या नाहीत. आणि ज्याला वाचता आल्या त्याला तो माणूस मेंढरू म्हणतो. मग मला काय म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पातेल्याला कान लावून आणला.

आठवड्याने समिती बसली. मंडळाच्या कार्यालयात एक लांबट खोली, मध्ये टेबल. पिकल्या केसांच्या अध्यक्षा, त्यांच्या उजवीकडे नमुनेसाहेब, आणि कोपऱ्यात परीक्षक म्हणून बाई. खेड्यातल्या त्या शाळेचे भाषेचे सर आले होते. सडपातळ माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झालेला. त्यांच्याबरोबर जाड चष्म्याची एक मुलगी होती. तिला साहेबांनीच बोलावून घेतलं होतं. 'नीरव, प्रसन्न' लिहिणारी सत्तावीसांतली एकटी तीच. कॉपी न केलेली साक्षीदार.

"घाबरू नकोस," नमुनेसाहेब मायेने म्हणाले. "तू एकटीने बरोबर लिहिलंस. बाकीच्यांना ते तळं मेल्याचं कुणी सांगितलं? सरांनी?"

"नाही," मुलगी म्हणाली. "मी."

अध्यक्षांनी टिपणवही पुढे ओढली.

"वर्गात सरांनी विचारलं, काय दिसतं. मी म्हटलं, हे आमचं घर आहे. आई गेली तेव्हाचं." ती टेबलाकडे बघत बोलत होती, पाठ केल्यासारखं नाही, पण न अडखळता. "बाहेर इतके जोडे होते की माझे मला सापडेनात. आत सगळे उभे. आणि आईचे डोळे उघडेच होते. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी मिटले असतील."

अध्यक्षांनी चष्मा काढला. सर पुढे सरकले. "मॅडम, मी फळ्यावर काही लिहिलं नाही. शपथेवर सांगतो. ती बोलली आणि वर्ग गप्प झाला. मग दुसऱ्या दिवशी एकेक जण आपलं सांगायला लागला. प्रत्येकाच्या घरून कुणी ना कुणी गेलेलंच असतं. मला फक्त त्यांना थांबवता आलं नाही. परीक्षेत असं लिहू नका, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चूक आहे ती माझी."

"पण मग तू वेगळं का लिहिलंस?" अध्यक्षांनी मुलीला विचारलं.

मुलीने पहिल्यांदा मान वर केली आणि नमुनेसाहेबांकडे बघितलं. "मला नर्सिंगला जायचंय. यादी टक्क्यांवर लागते. मी या सरांच्या गाईडमधून पाठ केलं. आतल्या पानावर सरांचा फोटो आहे."

नमुनेसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

चौकशी संपली. निर्णय लिहिला जात होता तोवर मुलगी जिन्यात येऊन बसली होती. बाई तिच्यापाशी गेल्या. आठवडाभराचा राग त्यांच्या अंगात तसाच होता आणि तो आता भलत्याच ठिकाणी निघाला.

"तुझ्या एका शब्दावर सव्वीस जणांनी आपला निकाल टांगला," त्या म्हणाल्या. "आणि तू तेवढी बाजूला झालीस? स्वतःच्या बोलण्यामागे उभं राहायचं नाही?"

मुलगी उठून उभी राहिली. 

"तुम्हाला काय होतंय बोलायला? तुम्हाला कुठे मार्क हवेत? ते माझं होतं म्हणूनच मी नाही लिहिलं. माझ्या आईवर कुणी लाल पेनाने शून्य घातलं असतं तर?" ती थांबली. "आणि पाच घातले असते तरी मला नको होतं. पाचांपैकी पाच! तुम्ही कोण?"

लवंगीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याच सुरात सुनावलं होतं. पाचाभोवती काढलेला तो गोल त्यांना आठवला, आणि त्या वेळी तो काढताना किती अभिमान वाटला होता तेही. मग म्हणाल्या, "माझं चुकलं, बाळ."

मुलीने मान हलवली. माफ केलं असं नव्हे, ऐकलं एवढंच. सर आले आणि दोघं बस गाठायला निघून गेली.

निर्णय असा झाला: कॉपी सिद्ध होत नाही. तथापि उत्तर नमुन्याशी विसंगत आहे. सहानुभूतीने प्रत्येकी दोन गुण द्यावेत.

"सहानुभूती कुणी मागितली होती?" बाई म्हणाल्या. "उत्तर बरोबर असेल तर पाच द्या, चूक असेल तर शून्य द्या. दोन म्हणजे काय? अर्धं मेलंय का तळं?" खाली परीक्षक म्हणून त्यांची सही हवी होती. ती त्यांनी केली नाही. नियामकाने स्वतःच्या गाईडातलं वाक्य नमुना उत्तर म्हणून लावू नये, असा दोन पानी तक्रार अर्ज मात्र सहीनिशी दिला. अध्यक्षांनी तो घेतला, पोच दिली, आणि दबक्या आवाजात "बघते" म्हणाल्या.

महिन्याभरात बाईंना पत्र आलं. 'आपल्या सेवेची यापुढे परीक्षक म्हणून आवश्यकता नाही.' नमुनेसाहेबांनाही त्या खुर्चीवरून हलवलं, पण त्यांची बढती झाली. ते आता अभ्यासक्रम बघणार होते. सव्वीस मुलांना दोन-दोन गुण मिळाले. त्यांतल्या तिघांची कुठली ना कुठली प्रवेशयादी दोन-तीन गुणांनी हुकली, असं खेड्यातल्या सरांनी पत्रात कळवलं. चष्मेवाल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, हेही त्याच पत्रात होतं. बाईंनी ते पत्र वाचलं आणि कुणावर चिडावं ते न कळून स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या.

शाळा सुरू झाली. पाचव्या आठवड्यात कवितेची पाळी आली. बाईंनी ओळी फळ्यावर लिहिल्या आणि वर्गाकडे वळल्या. या वेळी काहीही सांगायचं नाही, विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काय दिसतं?"

पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने चटकन हात वर केला. "बाई, तळं मेलेलं आहे. जोडे हे शोकाचे प्रतीक आहे. झाडे म्हणजे सांत्वनास आलेले आप्तेष्ट."

बाई तिच्या बाकापाशी गेल्या. "हे तुला कुणी सांगितलं?"

"पाचवा मुद्दा, बाई." मुलीने बाकाखालून नवं कोरं गाईड काढून दाखवलं. सुधारित आवृत्ती. नीरव, प्रसन्न, चैतन्यमय, अलंकार, आणि खाली जाड ठशात: 'किंवा, तळे मृत झाले आहे असाही वेगळा अर्थ घेता येतो. (हमखास गुण)'

आतल्या पानावरचा फोटो तोच होता.

ती मुलगी, तिची आई, खोलीभर उभी असलेली ती माणसं, सगळी एका कंसात बसवून विकायला ठेवली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाईड खिडकीबाहेर भिरकावून द्यावं असं हातापर्यंत आलं. पण समोर एक मुलगी शाबासकीची वाट बघत बसली होती आणि तिचा यात काडीचा दोष नव्हता.

"गाईड दप्तरात ठेव," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून कडक निघाला. "सगळ्यांनी ठेवा. आता ओळी वाचा आणि तुम्हाला काय दिसतं ते सांगा. चुकलं तरी चालेल, पण चूक स्वतःची हवी. उसनी चूक मी ऐकून घेणार नाही."

दप्तरांच्या चेन वाजल्या. मुलांनी माना फळ्याकडे वळवल्या. शेवटी दोन वेण्यांच्या मुलीनेच पुन्हा हात वर केला, या खेपेला अर्धाच.

"बाई, त्याचे मार्क मिळतील?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. असं उत्तर द्यावं लागतंय, याचा त्यांना इतका संताप आला की हातातला खडू मोडला. त्यांनी तुकडे टेबलावर ठेवले. "नाहीही मिळणार. तरी सांग."